कंटेनर गेला तरी चालेल, व्हॉल्यूम जपा!

आजचा एपिसोड पनवेलमधून, माझ्या खोलीतून. याच पनवेलमध्ये २०२० साली योट्टाचं एनएम-१ हे भलंमोठं डेटा सेंटर सुरू झालं. माझ्याकडे मात्र एक जुना पीसी आणि एक इन्व्हर्टर. त्यावर मी ब्लॉकचेनचा इंडेक्सिंग नोड चालवतो, आणि एकदा एका कमांडने तीन दिवसांचं काम धुवून टाकलंय. तेच आज सांगतो.

आधी इंडेक्सिंग म्हणजे काय? घरची जमीन असेल तर ‘फेरफार’ शब्द कानावर आला असेलच. कोणी विकली, कोणाला वारसाने आली, सगळं फेरफार नोंदवहीत ओळीने चढतं. पण आज जमीन कोणाच्या नावावर आहे हे बघायला आपण ती वही चाळत बसत नाही, सातबारा काढतो. ब्लॉकचेन म्हणजे ती नोंदवही. इंडेक्सर एकेक ब्लॉक वाचून त्याचा सातबारा बनवत राहतो, म्हणून ॲपला उत्तर चटकन मिळतं. आणि हो, कधी साखळीचे शेवटचे काही ब्लॉक रद्द होऊन दुसरेच येतात, त्याला रीऑर्ग म्हणतात. तेव्हा इंडेक्सरला मागे जाऊन आपल्या नोंदी दुरुस्त कराव्या लागतात.

मी वापरतो तो ग्राफ-नोड. डॉकर कंपोजच्या एका फाइलमधून तीन कंटेनर उठतात: ग्राफ-नोड, पोस्टग्रेस डेटाबेस आणि आयपीएफएस. काय टिपायचं ते सांगणाऱ्या सबग्राफच्या फाइल्स आयपीएफएसवरून येतात. साखळी मात्र या तिघांत नाही! ती वेगळ्या नोडकडून, आरपीसीच्या पत्त्यावरून घ्यायची. तो नोड त्याच पीसीवर असला तरी पत्त्यात ‘लोकलहोस्ट’ लिहू नका. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच. माझी अख्खी संध्याकाळ यात गेली. ‘होस्ट डॉट डॉकर डॉट इंटरनल’ लिहायचं. लिनक्सवर त्यासाठी कंपोज फाइलमध्ये ‘एक्स्ट्रा होस्ट्स’ची ओळ घालावी लागते.

आता माझी चूक. कंटेनर मोडला तरी इमेजवरून मिनिटात नवा उभा राहतो. तयार झालेला सातबारा मात्र पोस्टग्रेसमध्ये, आणि पोस्टग्रेसचा डेटा व्हॉल्यूममध्ये. ‘डॉकर कंपोज डाऊन’ दिलं तर फक्त कंटेनर आणि त्यांचं नेटवर्क जातं. मी कुठेतरी वाचून पुढे ‘मायनस व्ही’ लावलं, आणि माझं नेम्ड व्हॉल्यूमही साफ! विचारलंसुद्धा नाही हो त्याने. साखळीतलं काहीच हरवलं नव्हतं, पण वाचन पुन्हा पहिल्यापासून.

त्यात दुसरा शहाणपणा असा की सबग्राफमध्ये ‘स्टार्ट ब्लॉक’ दिलाच नव्हता. इथेरियम २०१५ पासून चालू आहे. तुमचं कॉन्ट्रॅक्ट गेल्या वर्षीचं असेल तर आधीचे ब्लॉक तपासत बसायचं कशाला? कॉन्ट्रॅक्ट ज्या ब्लॉकला डिप्लॉय झालं, तो आकडा टाका. दुसऱ्या वेळी मी तेवढंच केलं आणि रात्रीत काम झालं.

आता डेटा कंपोज फाइलशेजारच्या साध्या फोल्डरमध्ये ठेवतो, त्याला ‘मायनस व्ही’ हात लावत नाही. रोज रात्री पीजी-डंप दुसऱ्या डिस्कवर. कंटेनरना ‘रीस्टार्ट अनलेस स्टॉप्ड’ लावलंय. परवा पावसात लाइट गेली, इन्व्हर्टरनेही मान टाकली. लाइट आल्यावर पीसी चालू केला, तर नोड थांबला होता त्याच ब्लॉकपासून पुढे वाचायला लागलेला.