विश्लेषण : गाठ डोळ्यात, मग मेंदूचा एमआरआय कशासाठी?

रेटिनावरची गाठ कर्करोगाची नाही, असे डॉक्टरांनी सांगितले की रुग्णाच्या जिवात जीव येतो. पण पाठोपाठ हातात मेंदू, मणका आणि पोटाच्या एमआरआयची चिठ्ठी पडते. भावंडांनाही डोळे तपासायला आणा, असे वर सांगितले जाते. ‘रेटिनल हिमँजिओब्लास्टोमा’ नावाच्या गाठीत हा अनुभव नेहमीचा.

ओळखतात कशी?

सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा हा लालसर-नारिंगी गोळा. त्याला रक्त आणणारी आणि नेणारी अशा दोन वाहिन्या फुगून नागमोडी झालेल्या दिसतात. थेंब टाकून बाहुली मोठी केली की अनुभवी नेत्रतज्ज्ञाला बहुतेकदा तेवढे पुरते. शंका असल्यास हाताच्या शिरेतून फ्लुरोसीन हे रंगद्रव्य देऊन फोटो काढतात. गाठ झटकन चमकते आणि रंग बाहेर झिरपतो. तुकडा काढून तपासण्याची वेळ सहसा येत नाही.

मग धोका कसला?

गळतीचा. गाठीतून झिरपलेले पाणी आणि चरबी रेटिनाच्या मध्यभागी साचली की अक्षरे धूसर होतात. पुढे रेटिना जागेवरून सुटूही शकतो. पंचाईत अशी, की कडेची लहान गाठ काहीच त्रास देत नाही आणि उपचार सोपे असतात ते नेमके तेव्हाच. साधारण दीड मिलिमीटरपर्यंतच्या गाठीला लेझर पुरतो. त्याहून मोठी, कडेची असेल तर गोठवण्याचा उपचार, म्हणजे क्रायो. फार वाढली तर रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया. डोळ्याच्या मुख्य नसेच्या तोंडाशी असलेली गाठ सर्वांत अवघड. लेझरने नसही भाजण्याची भीती असल्याने अनेकदा नुसते लक्ष ठेवतात.

घरच्यांची तपासणी का?

ही गाठ ‘व्हॉन हिपेल-लिंडाऊ’ या आनुवंशिक आजाराची पहिली खूण असू शकते. 1904 मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ हिपेल यांनी डोळ्यातल्या गाठींचे वर्णन केले. 1926 मध्ये स्वीडनच्या लिंडाऊ यांनी त्यांचा मेंदूतल्या गाठींशी संबंध जोडला. 1993 मध्ये जबाबदार जनुक सापडले. ते बिघडले की ऑक्सिजन पुरेसा असूनही पेशी तो कमी असल्याचे समजून नव्या रक्तवाहिन्यांची मागणी करत राहतात. पेशी ऑक्सिजन कसा ओळखतात, या शोधाला 2019 चे नोबेल मिळाले, त्यातही हेच जनुक मध्यवर्ती होते.

या आजारात मूत्रपिंडाचा कर्करोगही होऊ शकतो, म्हणून पोटाची तपासणी. आई किंवा वडिलांना आजार असल्यास प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता 50 टक्के. अर्थात, एकच गाठ असलेल्या प्रत्येकाला हा आजार असतोच असे नाही. घरातला जनुकदोष नेमका माहीत असेल, तर रक्ताच्या चाचणीने नातेवाइकांचा प्रश्न सुटतो. दोष नसलेल्यांची फेऱ्यांमधून सुटका होते. दोष असलेल्या मुलांचे डोळे मात्र तान्हेपणापासूनच दरवर्षी तरी तपासावे लागतात.