सिकलसेल, विषाणू आणि लस
नागपूर जिल्ह्यासह विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी प्लीहेतील सूक्ष्म वाहिन्या तुंबवतात, त्यामुळे रक्तातील जंतू गाळणारे आणि प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना जखडणारी प्रथिने, घडवण्यास हातभार लावणारे हे इंद्रिय बालपणीच निकामी होऊ लागते. म्हणूनच इन्फ्लुएन्झा, ज्याच्या पाठोपाठ न्यूमोकॉकस जिवाणूचा न्यूमोनिया होऊ शकतो, अशा मुलांना विशेष घातक ठरतो. पार्व्होव्हायरस बी-१९ तर अस्थिमज्जेतील तांबड्या पेशींची निर्मितीच काही दिवस थांबवतो आणि त्यावर लस उपलब्ध नाही, ही उणीव खरोखर गंभीर आहे. इन्फ्लुएन्झासारख्या विषाणूंवरील लसीकरणानंतर प्रतिपिंडे किती वाढतात व किती काळ टिकतात हे मोजताना संशोधक विषाणूबाधित पेशी नष्ट करणाऱ्या टी-पेशीही तपासतात, कारण केवळ प्रतिपिंडांवरून संरक्षणाचा पुरता अंदाज येत नाही.