हाडातली पोकळी भरणारे सिमेंट

आमच्या रत्नागिरीत आंब्याचा हंगाम आला, की कोणी झाडावरून पडल्याच्या बातम्याही कानावर येतात. माणूस उंचावरून पायांवर पडला, तर मांडीच्या हाडाचा दणका नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला बसतो. हे टोक आतून स्पंजासारखे जाळीदार असते, ते चेपते. शल्यचिकित्सक चेपलेला भाग उचलून जागेवर आणतात, पण दबलेली जाळी पुन्हा फुगत नाही. खाली पोकळी उरते. ती तशीच ठेवली, तर गुडघ्याचा पृष्ठभाग पुन्हा खचण्याची भीती असते.

जुना उपाय म्हणजे रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तेथे घालणे. हेही एक कलमच! परंतु त्यासाठी दुसरी जखम करावी लागते आणि ती पुष्कळदा बरेच दिवस दुखते.

मग एखादी भुकटी कालवून पोकळी भरली तर? जर्मनीत ड्रेसमन यांनी १८९२ साली त्यासाठी प्लॅस्टर ऑफ पॅरिस वापरल्याचे प्रसिद्ध केले. पण प्लॅस्टर काही आठवड्यांतच विरघळते. तेवढ्यात हाड भरून येतेच असे नाही. उलट, कृत्रिम सांधा बसवताना वापरतात ते ॲक्रिलिक सिमेंट शरीरात कधीच विरघळत नाही. शिवाय घट्ट होताना ते बरेच तापते.

१९८० च्या दशकात अमेरिकेत ब्राउन आणि चाऊ यांनी वेगळी वाट शोधली. टेट्राकॅल्शियम फॉस्फेट व डायकॅल्शियम फॉस्फेट यांच्या भुकट्या पाण्यात एकत्र कालवल्या, की त्या थोड्या थोड्या विरघळतात. त्या द्रावणातून हायड्रॉक्सीॲपेटाइटचे बारीक स्फटिक तयार होऊन एकमेकांत गुंततात. आपल्या हाडातील खनिज याच जातीचे आहे. लगदा शरीराच्या तापमानाला, फारसा न तापता घट्ट होतो. म्हणून तो जाड सुईच्या पिचकारीने वेड्यावाकड्या पोकळीतही भरता येतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने असे सिमेंट भारतातही विकसित केले आहे.

पुढचे काम शरीराचे. हाड पोखरणाऱ्या पेशी सिमेंट कडेकडेने कुरतडतात. मागोमाग हाड घडवणाऱ्या पेशी नवे हाड रचतात. मात्र हे काम फार सावकाश चालते, कधी कधी वर्षानुवर्षे. त्यामुळे लवकर विरणारी मिश्रणे शोधली जात आहेत. कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसान मिसळून सिमेंट अधिक चिवट करण्याचे प्रयोगही झाले आहेत. कारण हे सिमेंट दाब सोसते, पण वाकवले की तडकते. त्यामुळे भार पडणाऱ्या जागी पट्टी व स्क्रूचा आधार द्यावाच लागतो.

वर्गात प्लॅस्टर ऑफ पॅरिस कालवून किती वेळात घट्ट होते व किती तापते, ते पाहावे. वाळलेली वडी तोलून, रोज पाणी बदलत आठवडाभर बुडवून ठेवावी आणि पुन्हा वाळवून तोलावी. एक लिटर पाण्यात जिप्सम सुमारे २ ग्रॅम विरघळते. वजनातली घट दिसेल. मग विद्यार्थ्यांना विचारावे: हाडातले सिमेंट किती वेगाने विरघळावे? उत्तर एकच आहे: नवे हाड ज्या वेगाने येईल, त्याच वेगाने.