पातेलं कोण ओढणार?

तंबू गुंडाळून झाले की रोज सकाळी एक प्रश्न उरतो : मोठं पातेलं आज कोण ओढणार?

युरोपातल्या ‘इकोटोपिया बाइकटूर’ या सायकलयात्रेत सामान वाहणारी मोटार नसते. तीसेक माणसांचा स्वयंपाक होईल एवढी भांडी, पाण्याचे कॅन, डाळींच्या पिशव्या, पाने-पकडींची पेटी, फावडं हे सगळं सायकलमागच्या ट्रेलरवर चढतं आणि कुणाच्या तरी पायांच्या जोरावर पुढच्या मुक्कामाला पोचतं. पंढरीच्या वाटेवर दिंडीचा ट्रक पुढे निघून जातो, वारकरी पोचेपर्यंत चुली पेटलेल्या असतात. इथे स्वयंपाकघर आणि यात्रेकरू एकाच वेगाने घाट चढतात.

ट्रेलर ओढण्यात नुसता दम लागत नाही, अक्कलही लागते. जड सामान चाकांच्या मागे पडलं तर पुढची दांडी वर उचलली जाते आणि सायकलचं मागचं चाक रस्ता नीट धरत नाही. म्हणून वजन चाकांच्या किंचित पुढे आणि तळाशी बसवायचं. चढावर ट्रेलर मागे खेचतो, एवढं सगळे गृहीत धरूनच असतात. नवखा घाबरतो तो उतारावर, कारण तिथे तोच ट्रेलर पाठीमागून ढकलत येतो. पावसात ब्रेक आधीपासून, थोडा थोडा दाबावा लागतो. शिवाय ट्रेलरची चाकं बहुधा लहान, म्हणजे सायकलची ट्यूब त्याला चालत नाही. ती वेगळी ट्यूब सोबत घ्यायची आठवण ठेवणारा माणूस ताफ्यातल्या सगळ्यात वेगवान गड्यापेक्षा जास्त उपयोगाचा.

ही यात्रा 1990 साली सुरू झाली. बर्लिनची भिंत नुकतीच पडली होती. जंगलं वाचवण्यासाठी एकत्र आलेल्या ‘युरोपियन यूथ फॉरेस्ट अ‍ॅक्शन’ या तरुणांच्या संघटनेचं उन्हाळी संमेलन म्हणजे ‘इकोटोपिया’. पर्यावरणाच्या संमेलनाला विमानाने जायचं कसं, या अडचणीला सायकल हे साधं उत्तर होतं. पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची मुलं एकाच रस्त्यावर आली, एकाच पातेल्यातलं जेवली. संमेलनाची वर्गणीही देशागणिक वेगळी असे. श्रीमंत देशातल्याने जास्त द्यायचं, गरीब देशातल्याने कमी. पुढे संमेलन थांबलं. सायकली मात्र चालत राहिल्या.

यात्रेला पुढारी नसतो, आणि सगळ्यांनी मिळून रांगेत चालवायची सक्तीही नसते. लवकर उठणारे आधी निघतात आणि जिथे वळण असेल तिथे रस्त्यावर खडूने बाण काढतात. मागून येणारे बाण बघत येतात. पाऊस पडला की बाण वाहून जातात, मग नकाशा, फोन आणि रस्त्याकडेच्या म्हातारबाबांची खूण यांवर भिस्त. टप्पा साधारण पन्नास ते सत्तर किलोमीटरचा. सराईत सायकलवाल्याला तो किरकोळ वाटेल. पण सगळ्यात हळू चालवणाऱ्याला उजेड असेतो पोचता यावं आणि पोचल्यावर भाजी चिरण्याचं त्राण उरावं, या हिशेबाने तो बसवलेला असतो.

जेवण पूर्ण शाकाहारी, दूध-तूपही नाही. त्यामागे तत्त्व आहेच, पण सोयही आहे : उन्हाळ्यात शीतकपाटाशिवाय टिकेल आणि कुणालाही चालेल असं अन्न हेच. माणशी शंभर ग्रॅम डाळ-धान्य धरलं तरी एका वेळचे तीन किलो होतात. म्हणून झटपट शिजणारी मसूर डाळ लाडकी, आणि तासन्‌तास सरपण खाणारे छोले नावडते. दक्षिण युरोपात वणव्यांच्या दिवसांत उघड्यावर आग पेटवायला बंदी असते. तिथे चूल विझते आणि गॅसची शेगडी बाहेर निघते. चुलीच्या तत्त्वाला तेवढी मुरड घालावी लागते. फावड्याचं काम वेगळंच. मुक्कामाला पोचल्यावर कुणीतरी आडोसा शोधून चर खणतो. सेवा दलाच्या शिबिरांत वाढलेल्या मराठी माणसाला चराचे संडास समजावून सांगावे लागणार नाहीत.

खरा कस लागतो तो गोल करून बसण्याच्या बैठकीत. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसंमतीने. पटलं तर दोन्ही हात वर करून बोटं हलवायची. बोलायचं असेल तर बोट वर करून पाळीची वाट बघायची. उद्या विसावा घ्यायचा की निघायचं, एवढ्यावर तासभर जाऊ शकतो. उन्हात तापलेल्या, भुकेल्या माणसाला ही रीत छळासारखी वाटते, आणि त्याचं अगदीच चुकतं असं नाही. पण मतदानात हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी ट्रेलरला हात लावत नाही, हेही खरं. शांततेचा झेंडा सायकलला बांधणं सोपं. शेजारच्या तंबूतल्या माणसाशी भांड्यांच्या पाळीवरून न भांडणं अवघड.

याच्या उलट टोकाचा नमुना आपल्याकडे होता. बाबा आमटे यांनी डिसेंबर 1985 मध्ये कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ सायकलयात्रा काढली. पंजाब धुमसत होता, आदल्याच वर्षी इंदिरा गांधींची हत्या झाली होती. शंभरावर तरुण-तरुणी काश्मीरच्या दिशेने 5,000 किलोमीटरहून अधिक अंतर तोडत निघाले. सत्तरी ओलांडलेल्या बाबांना मणक्याच्या दुखण्यामुळे बसता येत नसे; ते गाडीत आडवे पडून सोबत होते. दुसरी यात्रा 1988 मध्ये अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातच्या ओख्याकडे निघाली. तिथे पांगलेल्यांना बांधून ठेवणारा एक माणूस होता आणि त्याचा शब्द अखेरचा. इकोटोपियातला तासभराचा काथ्याकूट तिथे कुणी चालवून घेतला नसता. पण अशी यात्रा त्या माणसाच्या पाठीच्या कण्याइतकीच टिकते, हाही त्यातला धोका. बिनपुढाऱ्याची यात्रा रखडत का होईना, पिढ्या बदलून चालू राहिली.

तिच्यातही उणिवा आहेत. महिनाभर कामावरून रजा घेऊन सायकल चालवणं सगळ्यांना परवडत नाही. आणि भारतातून कुणाला सामील व्हायचं असेल, तर शेंगेन व्हिसाच्या अर्जात मुक्कामाचे पुरावे मागतात. आज रात्री कुणाच्या शेतात झोपायचं हे कधीकधी दुपारपर्यंतही ठाऊक नसलेल्या यात्रेकडून तो कागद कसा आणायचा? सरहद्दी पुसायला निघालेल्या सायकलीला पासपोर्टचं वजन कळत नाही, कारण ती चालवणाऱ्या बहुतेकांच्या खिशात तो हलका असतो.

ढोबळ रस्ता मात्र आधीच, हिवाळ्यात ठरतो. तेव्हा थोडेजण जमतात, नकाशा पसरतात, कुठल्या खाणीविरुद्ध लोक बसलेत, कुठे सामुदायिक शेती चालते, कुणाच्या अंगणात तीस तंबू मावतील याची पत्रं धाडतात. ट्रेलर कुणाच्या तरी गोठ्यात ठेवलेले असतात. त्यांना तेल कुणी घालायचं, हा विषयही त्याच बैठकीत निघतो.