‘जीव लागत नाही’ला किती गुण?

मनोविकारशास्त्रात एम.डी. करणाऱ्या निवासी डॉक्टरला तीन वर्षांत एक प्रबंध लिहावा लागतो. परीक्षेच्या सहा महिने आधी तो सादर करायचा. २०१९च्या तुकडीपासून संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रमही सक्तीचा झाला. तो चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा आहे. रुग्ण किती घ्यावेत, आकडेमोड कशी करावी, हे तिथे शिकता येते. समोरच्या बाईला प्रश्न कोणत्या मराठीत विचारायचा, हे मात्र ओपीडीतच शिकावे लागते. तिथे ते शिकवायला कुणाला सवड नसते.

मी डॉक्टर नाही. पनवेलमध्ये राहतो, भाषेचा नाद आहे, म्हणून काही निवासी डॉक्टर प्रश्नावल्यांचे मराठी तपासायला माझ्याकडे येतात. बहुतेकांच्या हातात पीएचक्यू-९ असते. ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. पाच ते नऊ म्हणजे सौम्य, दहापासून पुढे मध्यम आणि मग तीव्र.

पहिलाच प्रश्न कामात रस किंवा आनंद न वाटण्याचा. खाडीकाठच्या गावातून आलेल्या एका बाईंनी उत्तर दिले, “काम तर करतेच की.” डॉक्टरांनी शून्य लिहिले. एकूण आठ झाले. जाता जाता त्या म्हणाल्या, “रोजच कशात जीव लागत नाही बघा.” म्हणजे तिथे तीन हवे होते, एकूण अकरा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो विचारताना सासूबाई शेजारीच बसलेल्या. त्या शून्यावर कोण विश्वास ठेवील?

भाषांतर तपासण्याची रूढ रीत अशी : एकाने मराठी करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे. मलाही पूर्वी हे पुरेसे वाटे. पण दोघेही शिकलेले असले की ‘नैराश्य’ अगदी बिनचूक परत येते, आणि रुग्णाला तो शब्द कळला का, हे कुणी विचारलेलेच नसते. खरे तर दहा-पंधरा रुग्णांना प्रश्न वाचून दाखवावा आणि ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ एवढेच विचारावे. त्याला दोन आठवडे लागतात. विषय ठरवणे, नैतिकता समितीची परवानगी, रात्रपाळ्या, यात तेच दोन आठवडे पहिले कापले जातात.

उलट दिशेने गेलेले कामही आपल्याकडे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. वासुदेव परळीकर आणि सहकाऱ्यांनी अशक्तपणा, थकवा सांगणाऱ्या रुग्णांचा अभ्यास मनोविकार, मेडिसिन, त्वचारोग आणि आयुर्वेद अशा चार ओपीडींत केला. आधी माणूस स्वतःच्या त्रासाला काय म्हणतो ते ऐकायचे, निदानाचे नाव मागाहून. निवासी डॉक्टरला हे एकदा जवळून पाहायला मिळाले, तर ते शंभर व्याख्यानांहून जास्त.

आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणेही सक्तीचे आहे. रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला. गेल्या वर्षी तिथे गेलेल्या एका मुलीने रुग्णांचे शब्द वहीत टिपून आणले : जीव घाबरतो, डोकं भणभणतं, अंगात त्राण नाही, मन उडालंय. प्रबंधाच्या परिशिष्टात ही यादी बसत नाही, असे तिला सांगण्यात आले. त्या पानांची झेरॉक्स माझ्याकडे आहे. पुढचा विद्यार्थी आला की आधी तीच त्याच्यापुढे ठेवतो.