भूमिगताचं मंत्रिपद

क्यूबाची क्रांती म्हटली की डोळ्यांपुढे येतात ते सिएरा माएस्त्राच्या डोंगरातून उतरणारे दाढीवाले बंदूकधारी. आर्मांदो हार्त त्या चित्रात बसत नाहीत. १९३० साली हवानात जन्मलेले, व्यवसायाने वकील असलेले हे गृहस्थ फिदेल कास्त्रोंच्या ‘२६ जुलै चळवळी’च्या शहरी फळीतले. पत्रं पोचवणं, माणसं लपवणं, पैसा उभा करणं, गाठी घालून देणं हे त्या फळीचं काम. बेचाळीसच्या चळवळीमुळे आपल्याकडे ‘भूमिगत’ या शब्दाला जो अर्थ चिकटला, अगदी त्याच अर्थाने ते भूमिगत होते. फेब्रुवारी १९५७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे हर्बर्ट मॅथ्यूज डोंगरात जाऊन कास्त्रोंना भेटले आणि मेल्याची आवई उठलेला माणूस जिवंत असल्याचं जगाला कळलं. मॅथ्यूजना डोंगरापर्यंत पोचवणारं जाळं शहरातलंच होतं. त्याच वर्षी ४ जुलैला हार्त हवानाच्या न्यायालयाच्या इमारतीतून पोलिसांच्या हातावर तुरी देऊन निसटले. जानेवारी १९५८ मध्ये पुन्हा सापडले, ते क्रांतीपर्यंत तुरुंगातच राहिले. दरम्यान त्यांचा भाऊ एन्रिके बॉम्ब हाताळताना मरण पावला. जानेवारी १९५९ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी हार्त शिक्षणमंत्री झाले आणि १९७६ मध्ये नव्या संस्कृती मंत्रालयाचे पहिले मंत्री. या दोन्ही खात्यांतलं त्यांचं यश आणि अपयश एकाच ठिकाणाहून आलं, असं मला वाटतं. ते ठिकाण म्हणजे हे भूमिगतपण.

१९५३ च्या जनगणनेत क्यूबात २३.६ टक्के लोक निरक्षर होते. त्या काळच्या लॅटिन अमेरिकेत हा आकडा वाईट नव्हता. खरी गोम पुढे होती. शहरांत निरक्षर साधारण १२ टक्के, तर खेड्यांत जवळजवळ ४२. खेड्यात शाळा नाही आणि शहरात शिक्षक बेकार, असा हा उफराटा प्रकार. नव्या सरकारने १९५९ मध्ये १०,००० वर्ग उघडायचं ठरवलं आणि छावण्यांच्या शाळा केल्या. ज्या मोंकादा छावणीवर १९५३ मध्ये कास्त्रोंनी फसलेला हल्ला चढवला होता, तिथेही मुलं बसू लागली. पण प्रौढांसाठी शाळा बांधून भागणार नव्हतं. दिवसभर ऊस तोडलेला माणूस शाळेत येत नसतो. म्हणून १९६१ मध्ये शाळाच त्याच्या घरी गेली. शहरातली सुमारे एक लाख मुलंमुली, बरीचशी अजून शाळेत शिकणारी, वारादेरोला जुजबी प्रशिक्षण घेऊन खेड्यांत पांगली. प्रत्येकाजवळ झोपायला झोळी, एक घोंगडी, ‘वेंसेरेमोस’ नावाचं अंकलिपीवजा पुस्तक आणि रॉकेलचा कंदील. दिवसा घरच्यांबरोबर शेतात राबायचं, रात्री तोच कंदील टेबलावर ठेवून म्हाताऱ्या शेतकऱ्याचा हात धरून अक्षर गिरवून घ्यायचं. शिक्षक आणि कामगार धरून एकूण २,६८,००० च्या वर माणसं या कामी लागली. एक घर, एक दिवा, दोन-तीन विद्यार्थी आणि ज्याच्या छपराखाली राहायचं त्याचा विश्वास, ही रचना लष्करी नव्हे. ती भूमिगत चळवळीतल्या छोट्या गटांची आहे, फक्त आता उघड्यावर आलेली.

यावर कुणी म्हणेल, मोहीम कास्त्रोंची. सप्टेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांत वर्षभरात निरक्षरता संपवण्याची घोषणा त्यांनीच केली. खरं आहे. पण भाषण देणं वेगळं आणि ९,७९,२०७ निरक्षर शोधून त्यांची घरं कंदीलवाल्यांशी जोडणं वेगळं. त्यांपैकी ७,०७,२१२ साक्षर झाल्याचं २२ डिसेंबर १९६१ ला जाहीर झालं, प्रमाण ३.९ टक्क्यांवर आलं. आकडे सरकारी आहेत आणि ‘साक्षर’ म्हणजे जेमतेम पहिलीच्या मुलाइतकं वाचणारा, हेही मान्य. मात्र सरकारलाच ते ठाऊक होतं, म्हणून पुढे प्रौढांना सहावीपर्यंत नेण्याची मोहीम निघाली. जड आक्षेप वेगळाच आहे. त्या पुस्तकाचा पहिला धडा ‘ओ, ए, आ’ या स्वरांचा, आणि स्पॅनिशमध्ये हीच अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेची आद्याक्षरं. अक्षरओळख आणि राजकारण एकाच घासात. शेवटची चाचणी तर फिदेलना पत्र लिहिण्याची. ती पत्रं हवानाच्या साक्षरता संग्रहालयात आजही जपून ठेवली आहेत: वेडीवाकडी, पेन्सिल दाबून लिहिलेली अक्षरं, आणि सगळ्यांचा पत्ता एकच. याचा बचाव करता येत नाही. कारण मात्र कळतं. कोन्रादो बेनितेस या अठरा वर्षांच्या शिक्षकाचा जानेवारीत खून झाला होता, एप्रिलमध्ये पिग्जच्या उपसागरात हल्ला झाला, नोव्हेंबरमध्ये मानुएल आस्कुन्से या मोहिमेतल्याच सोळा वर्षांच्या मुलाला मारलं गेलं. चळवळ अजून घेरलेलीच होती, आणि घेरलेली चळवळ निष्ठा मोजते.

संस्कृती खात्यात माणसं जोडण्याची भूमिगत काळातली सवय आधी कामाला आली. १९७१ मध्ये एबेर्तो पादिया या कवीला अटक झाली, मग जाहीर कबुलीजबाब द्यावा लागला. त्यानंतरची पाच वर्षं क्यूबन लेखक ‘करडी पंचवार्षिक’ म्हणून ओळखतात. नाटकवाल्यांच्या नोकऱ्या गेल्या, लेखकांची पुस्तकं छापली जाईनात. हार्त आले आणि वातावरण सैलावलं. फर्मानं काढण्यापेक्षा माणसांशी बोलणं, रुसलेल्यांना परत जोडून घेणं ही त्यांची हातोटी होती. घरातही साहित्यिकांचा राबता नवा नव्हता: मोंकादाच्या हल्ल्यात भाग घेतलेल्या त्यांच्या पत्नी आयदे सांतामारिया यांनी १९५९ पासून ‘कासा दे लास आमेरिकास’ ही संस्था उभी केली होती. (जुलै १९८० मध्ये आयदेंनी आत्महत्या केली, क्रांतीच्या अधिकृत इतिहासाला ही गोष्ट कधी नीट सांगता आली नाही.) १९८४ मध्ये हवानाचं द्वैवार्षिक कलाप्रदर्शन सुरू झालं, ते हार्त यांच्याच कारकिर्दीत.

पण ओळखीपाळखीवर आणि विश्वासावर चालणाऱ्या कारभारात एक प्रश्न उरतोच: ज्याच्यावर विश्वास नाही त्याचं काय? बिर्खिलियो पिन्येरा हे विसाव्या शतकातले क्यूबाचे मोठे नाटककार. ऑक्टोबर १९७९ मध्ये ते वारले, तेव्हा नव्या मंत्रालयाला जवळजवळ तीन वर्षं झाली होती आणि तरीही ते वाळीतच होते. त्यांना हक्काने दाद मागता येईल असा नियम नव्हता, होती ती फक्त कुणाची तरी मर्जी. हार्त भले होते हे इथे उत्तर होत नाही. भल्या मंत्र्याची मर्जी हीसुद्धा मर्जीच. नोव्हेंबर १९९१ मध्ये, राजकीय सुधारणांची जाहीर मागणी करणाऱ्या कवयित्री मारिया एलेना क्रूस वारेला यांच्या घरी जमाव घुसला, त्यांना जिन्यावरून फरफटत खाली आणलं आणि त्यांचेच लिखाणाचे कागद त्यांच्या तोंडात कोंबले. पुढे दोन वर्षांची शिक्षा त्यांनाच झाली. हा प्रकार हार्त यांनी घडवला असं कुणी म्हणत नाही. ते मंत्रिपदावर होते, आणि १९९७ पर्यंत राहिले.