तापीचे पाणी आणि दूरचा महासागर

पावसाळ्यात नेहरू पुलावरून तापीचे गढूळ पाणी पाहताना विद्यार्थी आम्हांस विचारतात, "यंदा पूर येईल काय?" या प्रश्नाचे निम्मे उत्तर डोंगरात आहे, निम्मे हजारो मैल दूरच्या महासागरात.

तापी हिमालयातील नद्यांप्रमाणे बर्फावर पोसलेली नाही. सातपुड्यात मुलताई येथे ती उगम पावते. गाविलगडच्या डोंगरांतून पूर्णा व सह्याद्रीतून गिरणा तिला येऊन मिळतात. सुमारे ७२४ किलोमीटर चालून ती सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. डोंगरांवर पाऊस पडला, तरच तिला पाणी.

हा पाऊस मात्र सागराच्या तापमानावर अवलंबून असतो. एरव्ही प्रशांत महासागरातील पूर्वेचे वारे उष्ण पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. तेथे हवा वर चढून मेघ बनतात. काही वर्षी हे वारे मंदावतात आणि पेरू देशाकडील पाणी तापते. यालाच 'एल निनो' म्हणतात. मग मेघांचे स्थान पूर्वेस सरकते, आपल्याकडे हवा खाली उतरू लागते व मोसमी पाऊस बहुधा दुबळा होतो. १९७२ साली एल निनो होता आणि महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला.

भारतीय वेधशाळांचे प्रमुख (१९०४–१९२४) गिल्बर्ट वॉकर यांनी दोन महासागरांवरील वायुभाराचा झोका ओळखला होता. १९६९ साली याकोब ब्यर्कनेस यांनी त्याची सांगड सागराच्या उष्णतेशी घातली.

परंतु हा नियम अटळ नव्हे. १९९७ साली एल निनो अतिप्रबळ असूनही भारतात पाऊस जवळजवळ सरासरीइतका झाला. तसेच, २००६ साल संपताना एल निनो होता. तरी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तापीच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, उकाईतून प्रचंड पाणी सोडावे लागले आणि आपल्या शहराचा फार मोठा भाग बुडाला. संपूर्ण ऋतूचा पाऊस एक. बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा चार दिवसांचा पाऊस वेगळा.

म्हणूनच उकाईच्या जलाशयाचे कोडे अवघड आहे. उन्हाळ्यासाठी तो भरावा, की पुरासाठी रिता ठेवावा? सागराचे तापमान वर्षाचा कल सांगते, पुराचा दिवस नव्हे. तेव्हा बालमित्रहो, दूरच्या सागराची वार्ता अवश्य वाचावी. पण श्रावणात नदीच्या पातळीवरील दृष्टी ढळू देऊ नये.